पाच शिखरं, एक हंगाम : गिर्यारोहण संस्थेबरोबर पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी

पाऊस ओसरायला लागला की गिर्यारोहण संस्थांच्या ग्रुपवर आव्हानाचे मेसेज फिरू लागतात : 'या हंगामात पाच शिखरं पूर्ण करा'. यादी संस्थेगणिक बदलते. कुणी सहा माथे ठेवतं, कुणी एका तालुक्यातले सगळे किल्ले. आमच्याकडे नवख्यांना साधारण ही यादी दिली जाते : तोरणा, कळसूबाई, हरिश्चंद्रगडावरचं तारामती, साल्हेर आणि धोडप. पाचही जागा १४०० मीटरच्या वरच्या. दोर लावून चढायची गरज एकाही ठिकाणी नाही (धोडपचा एक अपवाद आहे, तो पुढे येईल), त्यामुळे नेहमीच्या चालीच्या माणसाला चार-पाच महिन्यांत आरामात जमण्यासारखी यादी.

तरीही निम्मीअधिक नावं मध्येच गळतात, आणि ती दम लागला म्हणून क्वचितच गळतात. यादी उंचीच्या क्रमाने लावलेली असते, हे खरं कारण. सगळ्यात उंच म्हणून कळसूबाई पहिली, तीही सप्टेंबरातल्या पावसाळी रविवारी. चिंब भिजत शिडीखाली ताटकळायचं, ढगात काहीही न दिसता परतायचं आणि सोमवारी तापाने झोपायचं. पुढच्या ट्रेकला तो माणूस येत नाही. म्हणून यादी हातात पडली की आधी ती ऋतू आणि पाणी बघून नव्याने लावा. बाकी सगळं त्यानंतर.

पहिलं काम : संस्था निवडणं

एक फरक समजून घ्या. ट्रेक नेणाऱ्या व्यावसायिक कंपन्या असतात, आणि 'ना नफा ना तोटा' तत्त्वावर चालणाऱ्या संस्था असतात, जिथे खर्च टीटीएमएम (तू तुझं, मी माझं) पद्धतीने वाटला जातो. दोन्हींत चांगले-वाईट लोक आहेत. पण पाच शिखरांसारखं काम महिनोन्महिने चालतं, त्याला तीच ती माणसं लागतात. तुमची चाल, तुमचा गुडघा, तुमची उंचीची भीती माहीत असलेला लीडर दर वेळी सोबत असणं ही मोठी सोय आहे, आणि ती संस्थेतच मिळते.

नाव नोंदवण्याआधी फोन करून थोडे प्रश्न विचारा. किती जणांमागे एक लीडर? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलं आहे? पायथ्याच्या गावातला वाटाड्या घेता का? बॅच किती मोठी? महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, त्यानुसार नोंदणी केली आहे का, हेही विचारायला हरकत नाही. आणि माझा सगळ्यात आवडता प्रश्न : 'शेवटचा ट्रेक अर्ध्यावरून परत कधी फिरवला होता?' ज्या लीडरला याचं उत्तर पटकन देता येतं, त्याच्याबरोबर बिनधास्त जा. 'आम्ही कधीच परत फिरत नाही' असं छाती फुगवून सांगणाऱ्यापासून चार हात लांब राहिलेलं बरं.

साठ-सत्तर जणांची बस भरून नेणारी बॅच टाळा. वीस-पंचवीसच्या पुढे गेलं की रांग इतकी लांबते, की पुढच्याला मागचा दिसत नाही.

आव्हानाचे नियम लेखी मागून घ्या. माथा कशाला म्हणायचं, स्वतंत्रपणे केलेलं शिखर धरणार का, पुरावा म्हणून फोटो चालेल की नकाशावरची जीपीएस नोंद हवी, आजारपणात एखादा ट्रेक हुकला तर बदली तारीख आहे का. हे प्रश्न कोरडे वाटतात खरे, पण फेब्रुवारीत याच मुद्द्यांवरून ग्रुपवर वादावादी होते.

पायांची तयारी

जिम लावायची गरज नाही. जिने चढा, आणि मुख्य म्हणजे जिने उतरा. चढताना छाती भरून येते, पण दुसऱ्या दिवशी माणसाला खुर्चीत बसवेनासं होतं ते उतरण्यामुळे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना उताराची सवय नसते. पुणेकरांकडे यासाठी आयती चाचणी आहे : आतकरवाडीतून सिंहगड. मध्ये दोन-तीनदा थांबून का होईना, दीड तासात वर पोचलात आणि उतरल्यावर पाय थरथरले नाहीत, तर पहिल्या ट्रेकला हो म्हणा. नाशिककरांनी पांडवलेणीच्या पायऱ्यांवर दोन-तीन फेऱ्या माराव्यात. मुंबईकरांनी बोरिवलीच्या उद्यानातून चालत कान्हेरी गाठावी, तीही पाठीवर भरलेली सॅक घेऊन. रिकाम्या पाठीने केलेला सराव डोंगरावर फारसा उपयोगी पडत नाही.

दमा, रक्तदाब, मधुमेह, जुनी गुडघेदुखी असं काही असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि लीडरला स्पष्ट सांगा. फॉर्मवर 'काही नाही' लिहून वर गेल्यावर इनहेलर शोधणारे लोक असतात.

सॅकमध्ये काय

बुटांवर पैसे खर्च करा, बाकी सगळं घरात सापडतं. तळाला खोल खाचा असलेला आणि घोट्याला धरून ठेवणारा बूट हवा. सह्याद्रीत वर्षानुवर्षं लोक ॲक्शनचे ट्रेकिंग बूट वापरत आले आहेत. फार महागाचे नसूनही ओल्या कातळावर त्यांची पकड चांगली असते. जॉगिंगचे मऊ तळाचे बूट मुरमाड उतारावर घसरतात. बूट कोणताही घ्या, पण आधी दोन आठवडे घरात आणि रस्त्यावर वापरून मग डोंगरावर न्या.

तीसेक लिटरची सॅक. आत मोठी प्लास्टिकची पिशवी, म्हणजे वरून पाऊस आला तरी कपडे कोरडे राहतात. कपाळाला लावायची टॉर्च, जादा सेलसह. मोबाइलचा उजेड पुरत नाही आणि शिडीवर हात मोकळे लागतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट, टोपी, एक जोड मोजे, शिट्टी, क्रेप बँडेज, स्वतःची औषधं, ओआरएसची पाकिटं. खायला पोळी-चटणीचा रोल, ठेपले, चिक्की, खजूर. वेफर्सचा फुगा नेऊ नका, जागा खातो आणि तहान वाढवतो. पाणी हिवाळ्यात तोरण्यासारख्या ट्रेकला दोन लिटर पुरतं, साल्हेरला तीनच्या खाली जाऊ नका.

अत्तर, डिओ, सुवासिक तेल घरीच ठेवा. कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात आणि उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी ती उठतात. माश्या मागे लागल्या तर पळायलाही जागा नसते. सह्याद्रीतल्या अपघातांत हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो.

आणि पायाची नखं कापा. ट्रेकच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री नव्हे. तोरण्याच्या उतारावर अंगठा तीन तास बुटाच्या टोकावर आपटत राहतो. वाढलेलं नख दुसऱ्या दिवशी काळंनिळं पडतं आणि महिन्याभराने गळून जातं. यावर आणखी एक उपाय आहे, जो नवख्यांना कोणी सांगत नाही : माथ्यावरून उतरायला निघण्याआधी बुटांच्या नाड्या पूर्ण सोडा, टाच जमिनीवर आपटून मागे सरकवा आणि मग घोट्याजवळ घट्ट बांधा. चढताना नाडी थोडी सैल, उतरताना आवळलेली. दोन मिनिटांचं काम आहे, पण आख्खा हंगाम वाचतो.

यादी ऋतूनुसार लावणं

तोरणा, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरचा पहिला आठवडा. उंची १४०३ मीटर. पायथ्याला वेल्हे. सुरुवात इथून करा, कारण वाट ठळक आहे, गाव मोठं आहे आणि पुण्याहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं. सोंडेवरचा चढ अंगावर येणारा आहे, पण अवघड जागी रेलिंग लावलेलं आहे. बिनी दरवाजा, कोठी दरवाजा, मग मेंगाई देवीचं मंदिर. त्या दिवसांत सोनकी फुललेली असते आणि गवत अजून हिरवं असतं. वेळ उरला तर झुंजार माची पाहा, पण ती वाट वाऱ्यापावसात टाळलेली बरी. बुधला माचीवरून राजगडाकडे जाणारी वाट मोहात पाडते. ती पूर्ण दिवसाची वेगळी मोहीम आहे, पहिल्याच ट्रेकला नको.

कळसूबाई, नोव्हेंबर. १६४६ मीटर, महाराष्ट्रातला सर्वोच्च माथा. बारी गावातून जवळजवळ नऊशे मीटरचा चढ आहे, तीन ते साडेतीन तास लागतात. सोप्या यादीत हिची गणना होते, कारण कातळटप्प्यांवर लोखंडी शिड्या लावल्या आहेत. पण याच शिड्या पावसाळी शनिवार-रविवारी गळफास होतात. खालून शेकडो माणसं चढत असतात, वरून तितकीच उतरत असतात आणि शिडी एकच. नवरात्रात देवीच्या दर्शनाला गावोगावचे लोक येतात, तेव्हाही हीच गत. नोव्हेंबरातला एखादा आडवार मिळाला तर सोनं. शिडीवर तोंड नेहमी शिडीकडे, उतरतानाही. पाठ करून उतरायला जाणारे पहिल्या दहा पायऱ्यांत गोठतात. आपल्या पुढचा माणूस पूर्ण वर पोचेपर्यंत पहिल्या पायरीवर पाय ठेवू नका.

पहाटे अंधारात चढून सूर्योदय गाठायची पद्धत आहे. भंडारदऱ्याचं पाणी उजळत जाताना दिसतं, ते पाहण्यासारखं आहे. पण रात्रभर बसमध्ये बसून, डोळा न मिटता चढायला लागणं हे अंगाला मानवत नाही. संस्थेला सांगून बारीत पडवीत तीन-चार तासांची झोप मिळेल असं बघा.

तारामती, डिसेंबर. इथे एक गोम आहे. हरिश्चंद्रगडावर लोक जातात कोकणकड्यासाठी. कडा पाहिला, हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरात नमस्कार केला, केदारेश्वराच्या लेण्यातल्या गारठलेल्या पाण्यात पाय घातले, पिठलं-भाकरी खाल्ली आणि खाली. आव्हानाच्या हिशेबात हे शिखर धरलं जात नाही. गडाचा सर्वोच्च माथा तारामती आहे. मंदिराच्या परिसरातून वर जायला साधारण पाऊण-एक तास लागतो. लीडरला आधीच विचारा : 'कार्यक्रमात तारामती आहे ना?' नसेल तर सकाळी लवकर उठून एक छोटी तुकडी करून घ्या.

वाट पाचनईची घ्या. कड्याच्या पोटातून जाणारी ही वाट नवख्यांना सगळ्यात सोयीची. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट सुंदर पण लांब आहे, शिवाय कातळावर रेलिंग धरून चढावं लागतं. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. व्हिडिओ पाहून तिच्या नादी लागू नका.

कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड एकाच अभयारण्यात येतात. प्रवेश शुल्क, मुक्कामाचे आणि शेकोटीचे नियम वनखात्याचे असतात आणि ते बदलतात, म्हणून जायच्या आठवड्यात गावात फोन करून खात्री करून घ्यावी.

साल्हेर, जानेवारी. १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला आणि कळसूबाईनंतरचं दुसऱ्या क्रमांकाचं शिखर. नाशिक जिल्ह्यातल्या बागलाणात आहे, पुण्या-मुंबईहून दूर, तेव्हा पूर्ण दोन दिवस काढा. १६७२ मध्ये इथे मराठ्यांनी मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात हरवलं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक आहे, त्यामुळे वर्दळ वाढणार हे नक्की. वाघांबेतून साल्हेर आणि सालोटा यांमधल्या खिंडीत चढायचं आणि साल्हेरवाडीकडे उतरायचं, हा आडवा पल्ला संस्थांचा आवडता आहे. दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि दरवाजे पाहायला मिळतात.

या ट्रेकला जानेवारी का, याचं उत्तर वाटेवर मिळतं. उतार उघडाबोडका आहे, सावली अशी नाहीच. मार्चमध्ये हीच वाट भाजून काढते आणि जोडीला वणव्याची भीती. हिवाळ्यात हवा स्वच्छ असते. परशुरामाच्या देवळापासून मांगी-तुंगीचे जुळे सुळके आणि मुल्हेर-मोरा ओळखता येतात. मात्र थंडी कमी लेखू नका. रात्री गुहेत मुक्काम असेल तर स्लीपिंग बॅगखाली मॅट हवीच.

पाण्याबद्दल इंटरनेटवरच्या जुन्या माहितीवर विसंबू नये. गंगासागर तलाव भरलेला दिसला तरी पिण्याजोगा आहे का, हे गावातच कळतं. 'मामा, वर टाक्यात पाणी आहे का?' असं विचारलं, की 'हाये ना, पण देवीजवळचं घ्या, मोठ्यातलं नका घेऊ' असं नेमकं उत्तर येतं. हा एक प्रश्न प्रत्येक गावात विचारायची सवय लावा.

धोडप, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. मुंबई-आग्रा महामार्गावरून जाताना भिंतीत खाच पाडल्यासारखा डोंगर दिसतो, तो हाच. लाव्हारस भेगेत थिजून ही उभी भिंत तयार झाली आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेल्यावर ती उघडी पडली. पायथ्याला हट्टी गाव. तटबंदी, दरवाजे, बालेकिल्ल्याच्या पोटातली देवीची गुहा आणि त्या भिंतीवरून खाचेपर्यंत जाणारी चाल. भिंतीच्या दोन्ही बाजूंना खोल दरी आहे, तिथे सेल्फीसाठी मागे सरकू नका.

आणि तो अपवाद : धोडपचा अगदी वरचा पिंडीसारखा कातळमाथा चढायला प्रस्तरारोहणाचं साहित्य आणि ते येणारी माणसं लागतात. नेहमीच्या ट्रेकमध्ये गुहा आणि खाच इतकंच होतं. तुमच्या संस्थेने आव्हानासाठी 'धोडप' म्हणजे नेमकं कुठपर्यंत धरलं आहे, हे नियमांत लिहिलेलं हवं. नसेल तर एखादा उत्साही वीर दोराशिवाय वर चढू बघतो आणि सगळ्यांचा दिवस जातो.

डोंगरावर वागायचं कसं

सगळ्यात पुढे लीड, सगळ्यात मागे टेल. लीडच्या पुढे जायचं नाही, टेलच्या मागे राहायचं नाही. निसर्गाच्या हाकेला जायचं तरी सॅक वाटेवर ठेवून टेलला सांगून जायचं. सुरुवातीला प्रत्येकाला एक आकडा मिळतो आणि ठराविक ठिकाणी सगळे आपापला आकडा ओरडतात. शाळेसारखं वाटतं, पण धुक्यात यासारखा उपाय नाही.

चढताना बोलता येईल इतक्याच वेगाने चाला. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा, थांबू नका. दर पाच मिनिटांनी बसणारा माणूस सगळ्यात आधी थकतो. घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, उतरताना मागे रेलून बसल्यासारखं चालू नका, पाय निघून जातो. गुडघे किंचित वाकवून, पाऊल आडवं टाकून, वजन पायावर ठेवून उतरा. दगड निसटला तर लगेच 'दगड!' असं ओरडा. फाटा लागला आणि पुढचा दिसत नसेल तर थांबा. गुरांच्या वाटा अगदी माणसांच्या वाटांसारख्या मळलेल्या असतात आणि मध्येच करवंदीच्या जाळीत संपतात.

चुकलातच, तर एका जागी बसा आणि शिट्टी वाजवा : मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. मोबाइलचं नेटवर्क असेल तर ११२. गिर्यारोहकांच्या बचावासाठी महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर काम करतं. त्यांची हेल्पलाइन निघण्याआधी लीडरकडून घेऊन फोनमध्ये ठेवा. घरी लीडरचा नंबर, पायथ्याच्या गावाचं नाव आणि 'रात्री इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर चौकशी करा' अशी वेळ, या तीन गोष्टी लिहून द्या.

गावात जेवण सांगायचं असेल तर माणसांचा आकडा आदल्या दिवशी कळवा आणि तो पाळा. मावशींनी वीस जणांच्या भाकऱ्या थापल्या आणि खाली उतरले बारा, असं झालं की पुढच्या संस्थेला तिथे दार उघडत नाही. देवळात बूट काढा. स्पीकर घरी ठेवा. कचरा स्वतःच्या सॅकमधून खाली आणा, संत्र्याच्या साली धरून.

परतीच्या प्रवासाबद्दल जरा ठासून सांगतो, कारण मला डोंगरापेक्षा रविवार रात्रीच्या घाटाची धास्ती जास्त वाटते. तुम्ही चढत असताना ड्रायव्हर झोपला होता का, हे विचारायला लाजू नका. स्वतःची गाडी नेत असाल, तर गाडी चालवणाऱ्याने डोंगर चढून लगेच पाच तास स्टिअरिंग धरू नये. दोन माणसं ठरवा किंवा गावात मुक्काम करून सकाळी निघा.

नोंद आणि राखीव तारखा

प्रत्येक ट्रेकनंतर त्याच रात्री तारीख, वाट, निघण्याची आणि माथ्यावर पोचण्याची वेळ, पाण्याची स्थिती आणि सोबतचा लीडर इतकं लिहून ठेवा. माथ्यावरचा फोटो ओळखीच्या खुणेसह काढा, नुसता चेहरा नको. कळसूबाईला देऊळ, साल्हेरला परशुराम मंदिर चालतं. तारामतीला ढग असतील तर जीपीएसची नोंद कामाला येते.

पाच शिखरांसाठी सात तारखा कॅलेंडरवर अडवून ठेवा. एखादी तारीख लग्नात जाते, एखादी अवकाळी पावसात. लीडरने वाटेतून परत फिरवलं, तर त्या दिवशी वाद घालू नका. राखीव तारीख त्यासाठीच असते. दोन ट्रेकमध्ये दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. लागोपाठच्या रविवारी निघणाऱ्यांच्या गुडघ्यांची कुरकुर तिसऱ्या शिखरापासून सुरू होते.

यादी पूर्ण झाली की ग्रुपवर लगेच कुणीतरी अलंग-मदन-कुलंग या तीन किल्ल्यांचं नाव काढेल. मदनच्या तुटलेल्या पायऱ्यांवर दोर लागतो. संस्थेतल्या जाणत्यांकडून एखादं प्राथमिक प्रस्तरारोहण शिबिर आधी करा, आणि तोवर पुढच्या नवख्या बॅचला टेल म्हणून जा. त्यासाठी नाव सप्टेंबरातच द्यावं लागतं.